मेंढवाड्यांना मलमलीचे पडदे

माझ्या सासूबाईंना सगळी वस्ती तोंडावर 'मुकादम' म्हणते आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. कळप त्यांचा, हुकूमही त्यांचाच. त्या सकाळी मात्र त्यांनी मला हळूच हाक मारली. "सूनबाई, इकडे ये. हिची जीभ बघ."

कळपातली सगळ्यात थोराड मेंढी कोपऱ्यात गुडघे टेकून बसली होती. ओठ सुजलेले, तोंडातून लाळेच्या तारा. सासूबाईंनी जबडा उघडून धरला. जीभ शाई सांडल्यासारखी निळी पडली होती.

जनावरांच्या दवाखान्यात नव्यानंच आलेल्या डॉक्टरीणबाई दुपारी पोचल्या. चणीनं लहान, बोलणं अगदी हळू. त्यांनी मेंढीचे खूर दाबून पाहिले, रक्त घेतलं आणि म्हणाल्या, "निळ्या जिभेचा रोग दिसतोय. माणसाला होत नाही. एकमेकींना शिवूनही होत नाही. चिलटं चावतात, ती पसरवतात."

तोवर आणखी काही वाड्यांत मेंढ्यांनी चारा सोडला होता. गल्लीत माणसं जमली. सगळ्यांच्या पुढे भोंगा. हा आमचा शेजारी. नाव कशावरून पडलं ते सांगायला नको. "आमच्या मेंढ्या माना टाकतायत," तो ओरडला, "आणि त्या शिंप्याच्या शेळ्या उड्या मारतायत! त्यानंच आणलीय ही पीडा."

शिंपीकाका टोकाच्या घरात एकटे राहायचे. मशीन आणि शेळ्या, एवढाच त्यांचा संसार. ते दारात उभे होते.

"बाई, तुम्हीच सांगा," भोंगा म्हणाला, "शेळ्यांत हा रोग असू शकतो की नाही?"

'नाही' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण बाई म्हणाल्या, "असू शकतो. पुष्कळदा शेळीच्या रक्तात असतो आणि वरून काहीच दिसत नाही."

झालं, आगीत तेल पडलं. "ऐकलंत? हाकला त्यांना!" दोघंतिघं शेळ्यांच्या फाटकाकडे धावले. बाई त्यांच्याआधी पोचल्या आणि फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"शेळ्या जिथं जातील तिथली चिलटं त्यांना चावतील आणि मग तिथल्या मेंढ्यांना. इथून एकही जनावर हलणार नाही. शेळी नाही, मेंढीही नाही."

"बाजूला व्हा, बाई."

"नाही होणार."

बॅग त्यांनी छातीशी घट्ट आवळून धरली होती, पण पाय जागचे हलले नाहीत. मला वाटतं, धीट माणसापेक्षा घाबरूनही न हलणारं माणूस मोठं.

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "काय रे भोंग्या, चिलट शेळीला चावून मेंढीला चावलं, का मेंढीला चावून शेळीला? विचारलंस का त्याला? जा, एक पकडून आण, पंचायत बसवू."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गर्दीचा ताठा उतरला.

"मग करायचं काय?" भोंग्यानं बाईंना विचारलं, जरा खालच्या पट्टीत.

"पाण्याच्या हौदाभोवतीचा चिखल काढा, शेण लांब टाका. ऊन कलायच्या आत सगळी जनावरं आत घ्या आणि खिडक्या-दारं झाका. मच्छरदाणी नको, तिच्या भोकातून चिलट मजेत जातं. त्याहून बारीक विणीचं कापड हवं."

"मलमल चालेल का?" शिंपीकाका पहिल्यांदाच बोलले. "अस्तराचे तागे पडलेत माझ्याकडे."

मशीन त्याच दुपारी सुरू झालं. पहिला पडदा त्यांनी शिवला तो भोंग्याच्या वाड्यासाठी. सासूबाईंना राहवलं नाही. "तो तुमच्या जिवावर उठला होता ना, भाऊ?"

"त्याचा वाडा हौदाला लागून आहे," काका सुईत दोरा ओवत म्हणाले. "चिलटं तिथंच जास्त."

बाई रोज येत. आजारी मेंढ्यांना सावलीत ठेवायचं, औषधाच्या गुलाबी पाण्यानं तोंड धुवायचं, पातळ पेज भरवायची. सासूबाई मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसत. "गिळ गं बाई. सुनेनं केलीय, पण गिळ."

सगळ्या वाचल्या नाहीत. आमच्या धाकट्या मेंढीनं मान टाकली, तेव्हा सासूबाई जेवल्या नाहीत. थोराड मेंढी मात्र उठली. लोकर झडलेली, लंगडत, पण चाऱ्याला तोंड लावणारी. थंडी पडली, चिलटं संपली, रोगही ओसरला. रक्ताच्या तपासणीत काही शेळ्यांत रोग निघाला. कुणाकडून कुणाला गेला, ते मात्र कळत नाही, असं बाईंनी सगळ्यांना सांगितलं. कुणी पुढे विचारलंही नाही.

पुढच्या हंगामाआधी बाई लस घेऊन आल्या. गाभण मेंढ्या तेवढ्या बाजूला काढल्या, त्यांना नंतर द्यायची होती. भोंगा कुणी न सांगताच शिंपीकाकांच्या अंगणात गेला आणि एकेक शेळी धरून उभा राहिला. एकीनं त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ हाणली.

"लागलं का रे?" काकांनी विचारलं.

"लागू दे," भोंगा म्हणाला. "दुसरी आणा."