तीन वेळा ‘जमलं न्हाय’

“सर, आमची फळी न्हाय हितं,” स्वप्नाली म्हणाली.

हिरेमठ सरांनी चष्मा पुसून पुन्हा हॉलमधल्या टेबलाकडे पाहिलं. काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच तिथे फळी ठेवली होती, शेजारी टीमची वही. वही होती, फळी नव्हती. तासाभरात कॉलेजात तपासणी समिती येणार होती.

“ठेवली असेल कुणीतरी नीट,” ते म्हणाले. आयुष्यभर ते असंच म्हणत आले होते.

“दाखवायला म्हणून मागून आणलीया. कारखान्यात चिमणाआक्का दोन दिस झालं फळीबिगर हुबी हाय, सर. आज सांजच्या आत परत देतो म्हणून शब्द दिलाय मी.”

फळी तशी साधीच. हातभर लांब, एका बाजूला चार बोटं जाड, दुसऱ्या बाजूला दोन. पण तिच्यामागे अख्खं सत्र गेलं होतं. निवृत्तीनंतर कॉलेजने सरांना वर्षाच्या करारावर ठेवून घेतलं होतं आणि कुणालाच नको असलेला विषय त्यांच्या गळ्यात मारला होता. पहिल्या वर्षाच्या पोरांनी चौघाचौघांनी मिळून कुणाचीतरी खरी अडचण सोडवायची. सरांचा नियम एकच होता. आधी चार दिवस नुसतं बघायचं, हात खिशात.

स्वप्नालीची टीम तिच्या गावी, आजऱ्याला, काजूच्या कारखान्यात बघत बसली. बायका उभ्याने काजू फोडत. एक पाय जमिनीवर, दुसऱ्याने फोडायच्या यंत्राचा दांडा दाबायचा, दिवसभर. टरफलाच्या चिकाने काळी पडलेली बोटं पाहून पोरांनी काजू धरायला चिमटा बनवला. वहीत लिहिलं, ‘निष्कर्ष: जमलं न्हाय. वेळ जातो.’ मग लांब दांड्याचा चिमटा. जमलं न्हाय. मग हातमोजे.

“बोटास्नी दिसाय लागतंय, पोरांनो,” चिमणाआक्का म्हणाली. “मोजं घालून आंधळी करताय व्हय?”

तिसऱ्यांदा जमलं न्हाय. तेव्हा कुठे स्वप्नालीला विचारायचं सुचलं, की आक्का, घरी गेल्यावर दुखतं काय?

“कंबर की. आधी इचारायचं न्हाईस?”

आक्का बुटकी, यंत्राचा दांडा उंच. जमिनीवरच्या पायाखाली उतरती फळी आली आणि दुसरा पाय कमरेतून उचलावा लागेना. पंधरा दिवसांत आणखी सात बायकांनी फळ्या मागितल्या.

“हिरेमठ सर, दोन कामं हायत.” विभागप्रमुख विजयसिंह सर तरातरा आत आले. वयाने ते वीस वर्षांनी लहान होते. “वहीतली ती तीन पानं काढा. समितीला काय दाखवायचं, आमच्या पोरांना जमत नाही? आणि राजवीरच्या टीमला पन्नासपैकी शून्य दिलंय तुम्ही. समितीपुढं तेच मधोमध मांडलंय. ते चाळीसच्या पुढं न्या, ह्या फळीवाल्यांचं जरा खाली घ्या. जुळवून आणा.”

जुळवून आणा. हा शब्द सरांना पाठ होता. चौतीस वर्षं प्रयोगशाळेत पोरं आधी उत्तर लिहीत आणि मग मागे येत येत आकडे जुळवून आणत. सर ते बघत आणि खाली सही करत. आज पहिल्यांदाच त्यांना त्या सह्यांची चीड आली. पोरं हे दुसरीकडे कुठे शिकली नव्हती.

हॉलच्या मधोमध राजवीरच्या टीमचं टेबल होतं. त्यावर दिवे लुकलुकणारा यांत्रिक हात.

“राजवीर, हा हात कशासाठी आहे?” सरांनी विचारलं.

“उचलायला, सर.”

“काय उचलायला?”

“काय पण.”

“हवा होता कुणाला?”

राजवीरने विजयसिंह सरांकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. “दुकानात ह्योच शिल्लक हुता, सर.”

त्याची नजर खाली गेली म्हणून सरांचीही गेली. टेबलाच्या एका पायाखाली फळी होती.

“टेबल हलत हुतं,” राजवीर पुटपुटला.

सरांचे कान तापले. आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आताही जमलं नाही. ते गुडघे मोडून खाली बसले.

“अहो, समिती गेटवर आली! राहू दे ते. फळीच आहे की.”

“फळीच आहे,” सर खालूनच म्हणाले. “तेवढीच लागत होती. राजवीर, टेबल उचल.”

राजवीरने मुकाट टेबल उचललं. सरांनी फळी ओढून घेतली. टेबल खाली आलं, एका अंगाला कललं, आणि यांत्रिक हात भिंतीकडे तोंड करून उघडझाप करत राहिला.

सरांनी पिशवीतून गुणपत्रक काढलं. आपलं चुकतंय का, हा जन्माचा प्रश्न आताही होताच. आकडे त्यांनी आधीच भरले होते, अक्षरी रकाना मोकळा होता. त्यात त्यांनी सावकाश लिहिलं: शून्य. खाली स्वप्नालीच्या टीमपुढे: शेहेचाळीस. आकड्यात खाडाखोड होते, अक्षरात होत नाही. मग सही केली.

विजयसिंह सरांनी कागद घेतला, वाचला. “पुढच्या वर्षीच्या कराराचा विचार केलाय न्हवं?”

“केला,” सर म्हणाले. केला नव्हता.

सरांनी फळी काखेत मारली. स्वप्नाली आपल्या टेबलापाशी उभी होती. “आता आम्ही काय दाखवायचं, सर?”

“वही. पहिल्या पानापासून.”

समिती पुढच्या दारातून आत आली, तेव्हा ते मागच्या दाराने बाहेर पडले.

आजऱ्याच्या एसटीत वाहकाने तिकीट फाडता फाडता विचारलं, “पावणं, फळी घिऊन कुठं? बसायला जागा हाय की गाडीत.”

“उभं राहायला आहे,” सर म्हणाले.

वाहक हसून पुढे गेला. सरांनी फळी मांडीवर आडवी घेऊन रुमालाने पुसली. तिच्यावर चिमणाआक्काच्या पावलाचा काळपट ठसा उठला होता. टाचेच्या बरोबर मधोमध टेबलाच्या पायाची चौकोनी खाच पडली होती. सरांनी ती अंगठ्याने घासून पाहिली. वाटेतलं कागल आलं तरी ते घासतच होते.