सात तारांची चौकट

कुमुद दळणाचा डबा घेऊन बाहेर पडताना ‘येते’ म्हणण्याऐवजी ‘जाते’ म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर लांब जाऊ लागलं.

चूक तिची नव्हती. मी मुद्रितशोधक आहे. बत्तीस वर्षं लोकांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात गेली आणि ती खोड घरीही सुटत नाही. त्या सकाळी मी एका बालकोशाची मुद्रितं तपासत होतो. ती दारातून म्हणाली, “येते हं.” मी मानही वर न करता म्हणालो, “येतेस कुठं? जातेयस. माणूस जे करतो ते त्यानं म्हणावं.” एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्या बहुतेक दुरुस्त्या निमूटपणे मान्य केल्या आहेत. “बरं, जाते,” म्हणाली आणि गेली.

तासाभरानं ती पीठ घेऊन परतली, माझ्या टेबलाजवळून आत गेली आणि ओट्याशी उभी राहिली. जेवताना आमटी ताटात पडेपर्यंत निवलेली होती. दुसऱ्या दिवशी मी मोजून पाहिलं. माझ्या टेबलापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं होती, ती पंधरा झाली होती. आठवड्यानं चाळीस. मधे नुसती फरशी वाढत होती, तीच, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. कुमुद वाढलेल्या फरशीचाही केर काढायची आणि त्यातच तिची दुपार व्हायची.

“त्रास होतोय का तुला?” मी ओरडून विचारलं.

“नाही हो. तेवढंच चालणं होतं.”

तिचं हे असंच. मला मात्र एका जागी बसवेना. मी तिच्याकडे चालत गेलो की ओटा तितकाच मागे सरकायचा. ती चहा घेऊन माझ्याकडे निघायची, अर्ध्या वाटेत तिला गॅसवरचं दूध आठवायचं आणि ती वळायची. पुढं पुढं हाकेला ओ यायची बंद झाली. हात वर केलेला तेवढा दिसायचा, तोही काडीएवढा. मी चिवड्यावर दिवस काढत होतो आणि खोलीत येरझारा घालत होतो. मुद्रितांमधल्या चुका मला दिसेनाशा झाल्या, इतका मी घाबरलो होतो.

बालकोशात मी तेव्हा ‘ल’वर आलो होतो. लायर, जुन्या ग्रीसमधलं तंतुवाद्य. खाली पेटी, दोन बाजूंना दोन उभे हात, वर आडवी पट्टी, मधे तारा. शेजारी चित्र होतं. चित्र पाहिलं आणि मला ती दाराची चौकटच वाटली. मी ते पान घडी करून खिशात घातलं आणि दस्तगीरभाईंकडे गेलो.

दस्तगीरभाई मिरजेत तंबोरे करतात. ते भोपळा तासत बसले होते. चित्र त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“असलं आमच्यात कोण करत न्हाई. पण तार ती तारच. कशाला पायजे तुमाला?”

“बायकोला ऐकू जावं म्हणून.”

त्यांना त्यात नवल वाटलं नाही. “किती लांब गेल्यात?”

“पावणेदोनशे पावलं. सकाळी मोजली तेव्हा.”

“मग लाकूड घरचंच घ्या की. रोज त्यांचा हात लागलेलं. बाजारातलं लाकूड त्यांना वळखायचं न्हाई.” त्यांनी मला सात तारा दिल्या आणि सुती दोऱ्याचे सात तुकडे दिले. हा दोरा तारेखाली सारतात. तो नसला तर तार नुसती टणटणते, बोलत नाही. त्या दोऱ्याला त्यांच्या धंद्यात जीव म्हणतात. “आन् जीव लावायचं इसरू नका,” दस्तगीरभाई म्हणाले. “लई लोक तार वढत बसतात आन् तेवढंच इसरतात.”

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट काढली. उजव्या बाजूवर, तिच्या खांद्याच्या उंचीला, हळदीच्या बोटांचा जुना डाग होता. तो राहील अशा बेतानं मी दोन्ही बाजू हातभर लांबीच्या कापल्या. सकाळी पाहतो तर लाकूड वाढून पुन्हा पहिल्याएवढं झालेलं. तीनदा कापलं, तीनदा वाढलं. शेवटी मी नाद सोडला. लायर दाराएवढी झाली आणि दुसरीकडे कुठं मावेना म्हणून दाराच्याच जागी उभी राहिली. खालची पेटी मी आमच्या लग्नातल्या दोन पाटांची केली. खुंट्या भिंतीवरच्याच घेतल्या, कपडे अडकवायच्या. सात होत्या, सातही लागल्या. कपडे जमिनीवर ठेवले.

पहिली तार चढवली, तिच्याखाली जीव सारला आणि छेडली. लांब ओट्याशी कुमुदनं मान वळवली. मी खुंटी पिळली तसं स्वयंपाकघर पंचवीसेक पावलं जवळ आलं. मला रडूच आलं. डोळे पुसून मागे पाहिलं तर खिडकीची भिंतही माझ्याकडे सरकली होती. हे बरोबरच होतं. घराची लांबी नगरपालिकेच्या नकाशात ठरलेली असते, एकीकडे दिलं की दुसरीकडून घ्यावं लागतं.

दुसऱ्या तारेला पुस्तकांचं कपाट माझ्या पाठीशी आलं. तिसरीला खाट उभी करावी लागली. कुमुद आता कढईतलं ढवळताना दिसत होती, तिच्या साडीचा रंग ओळखू येत होता. चौथीला टेबल गेलं, पाचवीला कपाटही गेलं, कुठं ते मी पाहिलं नाही. सहावी पिळली आणि मला फोडणीचा वास आला. सातवी चढवायला घेतली तेव्हा भिंत माझ्या पाठीला टेकली होती आणि तारा नाकासमोर होत्या. हातातला दोरा खाली पेटीवर पडला. वाकायला जागा नव्हती. मी जीवाशिवायच तार ओढली, खुंटी मुठीत धरून ठेवली आणि कुमुद समोर येऊन उभी राहिली.

“अहो, किती वाळलात.”

“चिवडा खात होतो.”

तिनं आत जाऊन पोळी आणली, गुंडाळी केली आणि दोन तारांमधून माझ्या तोंडाशी धरली. मी खाल्ली. गरम होती. तारांमधली जागा चार बोटांची. तिचा हात येत होता, बाकीची ती येत नव्हती.

“जरा ढिल्या करा की,” ती म्हणाली.

“ढिल्या केल्या की तू लांब जाशील.”

“मग तोडा.”

“तोडल्या तरी जाशील. कुमुद, माझं चुकलं. मला तू इथं हवी आहेस.”

हे मी तिला पूर्वी कधी म्हणालो नव्हतो आणि तिला ते माहीत होतं. मग तिनं सगळ्या तारा एकेक करून पाहिल्या.

“या शेवटच्या तारेला जीव लावला नाहीत तुम्ही.”

“पडला खाली.”

तिनं वाकून हात आत घातला, पेटीवरचा दोरा उचलला आणि सातव्या तारेखाली हळूच सारला. तार कुणीही न छेडता बोलू लागली. खुंटी माझ्या मुठीत थरथरली.

“आता काय म्हणू?” कुमुदनं विचारलं. “तुम्हीच सांगा.”

“येते म्हण.”

“येते तर माणूस निघताना म्हणतं.”

त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते आणि दुसरा शब्द मला सुचत नव्हता.

तिनं पदराला हात पुसले. ओट्याखालचा दळणाचा डबा उचलून कमरेवर घेतला. दुसरा हात चौकटीवर, हळदीच्या डागावर टेकवला आणि पाऊल उचललं.

“येते हं,” ती म्हणाली, आणि माझ्या मुठीतली खुंटी आपोआप उलटी फिरू लागली.