साध्या जेवणाची परीक्षा

आमच्या घरात शहाणपण वाटलं जात होतं तेव्हा दादा रांगेत पहिला उभा होता, फक्त पिशवी न्यायला विसरला. तो बोलायला लागला की माझी तरी अशीच खात्री पटते. आई गेल्यावर काही आठवडे आम्ही तिघं भावंडं आळीपाळीनं बाबांना डबे पोचवत होतो. मग एका रविवारी दादानं सगळ्यांना बाबांच्याच बाहेरच्या खोलीत बसवलं आणि फैसला सुनावला.

"बाबांना स्वतःपुरतं साधं जेवण करता आलं, तर राहू देत इथंच. नाही आलं, तर माझ्याकडे येतील, नाहीतर धाकट्याकडे. पुढच्या महिन्यात आपण येऊन जेवू आणि ठरवू."

दादा कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. दिवसभर 'ठीक' आणि 'परत' असे शिक्के मारून त्याला माणसांवरही शिक्के मारायची खोड लागली आहे. स्वतःच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी कोणत्या फळीवर आहे हे त्याला विचारा, घाम फुटेल. वहिनीनं लगेच मान डोलावली. "साधं, घरचं, पालेभाज्यांचं जेवण. त्यासारखं औषध नाही," ती म्हणाली. तिच्या घरचं साधं जेवण रोज संध्याकाळी मोटारसायकलवरून खोक्यात येतं. धाकट्यानं फोनमधून डोकंही वर काढलं नाही. "चालेल," एवढंच म्हणाला. याला दगड उकडून दिले तरी चालतील, फक्त कुणीतरी वाढून दिले पाहिजेत.

बाबा शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसले होते. बोटाभोवती दोरा गुंडाळत होते. माझं मात्र डोकं फिरलं. ज्या माणसानं सगळं आयुष्य याच खोलीत लोकांचे कपडे शिवले, त्याला म्हातारपणी या दोघांच्या घरी कोपऱ्यातल्या खोलीत झोपवायचं? वहिनीचं आरोग्यावरचं भाषण ऐकत गार खोकी उघडायला लावायची? मी तिथल्या तिथं मनाशी ठरवलं, बाबांना शिकवायचं. शिकवणं हा तर माझा धंदाच. मी लोकांना मोटार चालवायला शिकवते. क्लच आणि ब्रेक यांतला फरक न कळणाऱ्यांना मी भर बाजारातून गाडी काढायला लावली आहे, कोबीची काय कथा!

दुसऱ्याच दिवशी सकाळचे शिकाऊ आटोपून मी कोबी, बटाटे आणि मसूर घेऊन बाबांच्या दारात हजर झाले.

साधं जेवण साधं असतं असं म्हणणाऱ्यांनी ते कधी रांधलेलं नसतं. स्वयंपाकाची पुस्तकं लिहिणारे तर त्यांचे गुरू. 'चवीपुरतं मीठ घालावं.' कुणाच्या चवीपुरतं? 'मंद आचेवर शिजेपर्यंत ठेवावं.' शिजलं हे ज्याला कळतं त्याला पुस्तक कशाला हवं? मी ती पुस्तकं बाजूला ठेवली आणि बाबांच्या हातात सुरी दिली. बाबांनी ती बोटावर तोलली, खाली ठेवली आणि शिवणाच्या खणातून नवी कात्री आणली. ती धुतली, पुसली. मग कोबीचं एकेक पान पाटावर हातानं सपाट केलं, पानावर पान ठेवलं, कडा जुळवल्या आणि असा बारीक कोबी कापला की मी बघतच राहिले. बटाट्याच्या फोडी तर एका मापाच्या. चार दिवसांत भात मोकळा व्हायला लागला. मसूर बोटानं दाबून बघायची सवय लागली.

मिठाच्या बाबतीत त्यांची रीत शिंप्याचीच होती. आधी अर्धं घालायचे, चाखायचे, मग हळूच थोडं. "आधी कच्चा टाका, मग पक्का," ते म्हणायचे. "कापड कमी कापलं तर पुन्हा कापता येतं गं. जास्त कापलं की संपलं." त्या सगळ्या दिवसांत त्यांच्या हातून एकदाही काही खारट झालं नाही. झाकपाक झाली की गॅस बंद केलाय ना, हे हात लावून बघायचे, मागे फिरून पुन्हा बघायचे. मी खूश होते. दादाचं तोंड कसं होईल याची मनातल्या मनात उजळणी करत होते.

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम जेवणाच्या वेळेलाच गेले, म्हणजे मी मदत केली असं म्हणायला कुणाला जागा नको. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ताटं मांडलेली होती. मसूर, कोबी-बटाटा, भात, काकडी. दादा पाहुण्यासारखा हात धुऊन बसला. मी पहिला घास घेतला आणि माझे कान गरम झाले.

कोबी खारट होता. थोडाथोडका नाही, जिभेला चटका बसावा इतका. फोडी एक लिंबाएवढी, एक नखाएवढी. मसूर दाताखाली कचकच वाजत होता. भात वर कच्चा आणि खाली करपलेला. काकडी तेवढी बरी होती, कारण तिला शिजवायचं नसतं. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात! मी बाबांकडे रागानं बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, दादाकडे बघत होते.

आता पडणार 'परत'चा शिक्का, म्हणून मी भांडायची तयारी केली. दादानं घास चावला. पुन्हा चावला. वहिनीकडे एक नजर टाकली आणि घटाघटा पाणी प्यायला.

"छान झालंय," दादा म्हणाला.

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"खरंच," वहिनी म्हणाली, "घरच्या जेवणाची सर कशालाच नाही."

"मीठ जास्त नाही ना पडलं?" बाबांनी विचारलं.

"छे छे! बेताचं आहे."

"मसूर कच्चा वाटतो का रे?"

"लोण्यासारखा शिजलाय," धाकटा म्हणाला. हे म्हणताना तो कोबी काकडीच्या चकत्यांखाली सरकवत होता. त्याच्या घरी बाबांसाठी खोली आहे, तिच्यात सध्या त्याची व्यायामाची सायकल राहते. दादाच्या घरी तर दोन खोल्या रिकाम्या. कारखान्यात बटण जरा तिरकं लागलं म्हणून सगळा माल परत पाठवणारा हा माणूस, आणि इथं कच्चे मसूर गिळत होता!

बाबांनी वाडगा खाली ठेवला. "हल्ली मला नीट दिसतही नाही," ते म्हणाले. "परवा तर गॅस चालू ठेवून झोपलो."

आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. गॅस चालू ठेवून? आणि बाबा? मला त्या खारट कोबीचा अर्थ तेव्हा कळला. शिकाऊ मंडळींना मी सगळं येत असतानाही परीक्षेत गाडी बंद पाडताना पाहिलंय, पण भीतीनं. बाबांचा हात घाबरलेला नव्हता.

"सवय होईल हळूहळू," दादा म्हणाला. "चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

"गॅसला ते आपोआप बंद होणारं बटण बसवून टाकू," धाकटा म्हणाला. "मी मागवतो आजच."

"आणि एकटं राहिलं की माणूस ताजातवाना राहतो," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे काय, दिवसभर घर बंदच असतं."

मग दादा उठला आणि त्यानं बाबांच्या पाठीवर थाप मारली. "पास! बाबा, तुम्ही एकदम पास!"

तिघांनाही एकाएकी कामं आठवली. जिना उतरताना त्यांचे आवाज इतके मोकळे झाले होते, जणू दवाखान्यातून सुटका झाली. मी खिडकीत गेले. तिघं समोरचा रस्ता ओलांडून थेट कोपऱ्यावरच्या खाणावळीत शिरले. धाकट्यानं तर दार ढकलता ढकलताच पोऱ्याला बोटांनी तीन ताटं सांगितली. लाज कोळून प्यायलेत, मी म्हणाले, आणि आणखी बरंच काही म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मागे वळले तर बाबा माझ्या खांद्यावरून तिकडेच बघत होते.

"मुद्दाम केलंत ना?" मी विचारलं.

ते ताटं उचलायला लागले. "मला वाटलं, दोन घास पोटात गेल्यावर तरी कुणीतरी म्हणेल, बाबा, हे काय खाताय तुम्ही, चला आमच्याकडे. घरात नुसता आवाज असला तरी पुरे होतं मला. इथं संध्याकाळी मशीन थांबलं की काहीच ऐकू येत नाही."

मला त्या दोघांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "त्या दगडांकडून काय अपेक्षा करता तुम्ही?" मी म्हणाले. "मला सांगायचंत ना! मला एका शब्दानं जरी बोलला असता—"

"तुला काय सांगणार?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "त्यांनी महिन्याची मुदत तरी दिली होती, पोरी. तू तर दुसऱ्याच दिवशी कोबी घेऊन आलीस."