माजी सुनेची ओळखपरेड

वृद्धाश्रमात फक्त नातेवाइकांनीच भेटायला यायचं, या नव्या नियमात जावई बसत होता, नातसून बसत होती, चुलत आतेभाऊसुद्धा अंग चोरून बसत होता. माजी सून कुठेच बसत नव्हती. म्हणून ती गेले दोन रविवार फाटकाबाहेरच्या बाकावर बसली.

हा नियम आला गादीवाल्यामुळे. कुणाचा तरी पुतण्या म्हणून तो आत शिरला आणि अख्ख्या मजल्याला गाद्या विकून गेला. एका आजोबांनी तीन घेतल्या. आता ते तिन्हींवर चढून झोपतात आणि सकाळी त्यांना दोघं मिळून उतरवतात.

"पण मी परवानगी देतोय ना!" तिचा माजी नवरा मेट्रनबाईंना म्हणाला. घटस्फोटानंतर दोघं पहिल्यांदाच एका बाजूने भांडत होते.

"गादीवाल्यालाही पोरांनीच परवानगी दिली होती. फोनवर," मेट्रनबाई म्हणाल्या. "आता एकच वाट आहे. मी आजींना विचारणार, ही कोण? कुणी काही सुचवायचं नाही. त्यांनी ओळखलं आणि हवी म्हणाल्या, तर येत जा खुशाल. नाहीतर हा विषय कायमचा बंद."

मागच्या महिन्यात आईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, छताच्या पंख्याला "किती फिरशील, टेक जरा" असं सांगितलं होतं. अशा बाईच्या ओळखीवर सगळं लटकलेलं. नवरा सुटला तेव्हा ती दुसऱ्या दिवशी कामावर हजर होती. सासू सुटली तर काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. धास्ती वाटली की तिचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, गाडी असो वा नसो. आईंच्या खोलीत शिरताना ती फरशी दाबतच शिरली.

आई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या.

"आजी, ही कोण?"

आईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "मीटर बघायला आलीय का?"

"नाही. नीट बघा."

"मग नाही बाई माहीत."

मेट्रनबाईंनी सुस्कारा सोडला. माजी नवऱ्याने तोंड उघडलं, पण मेट्रनबाईंनी डोळे वटारताच मिटलं. ती दाराकडे वळली.

मागून आवाज आला, "चाललीस कुठे?"

आईंनी मोजा काढून पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता. "काप की."

"अहो, नखं!" दारातली आया ओरडली. "आम्हाला हात लावू देत नाहीत! परवा लाथ खाल्ली मी."

"तू मांसासकट कापतेस," आई म्हणाल्या आणि माजी सुनेकडे वळल्या. "डावीकडून घे. मागच्या वेळी घाई केलीस."

मेट्रनबाई मात्र नियमाला चिकटून. "ते ठीक आहे आजी, पण ही तुमची लागते कोण?"

"माझ्या मुलाची बायको होती. सोडला तिनं त्याला." आईंनी क्षणभर विचार केला. "डोकं आहे पोरीला."

"मग ती आलेली चालेल तुम्हाला?"

"चालेल काय चालेल! इतके दिवस होती कुठे? अंगठा मोज्याला भोक पाडून बाहेर निघालाय!"

मेट्रनबाई हसल्या. "येत जा हो रविवारी."

तिचा पाय फरशीवरून उचलला गेला. इतकं हलकं वाटलं की तिने खुर्चीची पाठ धरली. मग पर्समधून नेलकटर काढून ती आईंपुढे मांडी घालून बसली.

"आणि हे काय?" आईंनी माजी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "मघापासून नुसतं उभं आहे. कपाट आणलं का कुणी?"

"आई, मी—"

"नाही हं सुचवायचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "नातं रक्ताचं असलं, तरी आजी नको म्हणाल्या तर नको."

तो ओशाळून मदतीसाठी माजी बायकोकडे बघू लागला. हा दिवस लग्नातही आला नव्हता.

"असू दे हो आई," ती म्हणाली. "माझ्याबरोबर आलाय."

"मग कामाला लाव."

त्याने मुकाट्याने वर्तमानपत्र उलगडलं आणि आईच्या पायाखाली धरून तो उकिडवा बसला. पहिलंच नख टणकन उडून त्याच्या खिशात पडलं. तिला हसू फुटलं. दोन आठवड्यांचं साठलेलं ते, थांबेना. नेलकटर नख सोडून हवेतच चालायला लागलं.

आईंनी पाय मागे घेतला. "आधी हसून घे पोटभर. मग काप."

ती हसत बसली. तो कागद धरून बसला.