उत्तर न गेलेली कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मस्कतमधल्या रुवी भागात, जमालभाईंच्या कपाटावर माझा मुक्काम असतो. वय झालं असलं, तरी माझा आवाज अजून खणखणीत आहे. हे, मित्रांनो, मी खात्रीने सांगतो.

जपानच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तरुण जमालभाईंनी नोकरी लागताच मला घरी आणलं. त्यांच्या आईला लिहिता येत नव्हतं. रत्नागिरीजवळच्या गावाहून कोणी मस्कतला निघालं, की ती त्याच्याबरोबर कॅसेटवर बोलून पाठवायची. आम्ही ती ऐकायचो, मागे फिरवायचो आणि तिच्याच आवाजावर आपलं उत्तर भरून परत धाडायचो. आखातातल्या पुष्कळ घरांत तेव्हा हीच रीत होती. मला ऐकायला शेजारी जमायचे. एक कॅसेट मात्र इथेच राहिली, कारण उत्तर जाण्याआधीच आई वारली. पुढे फोन स्वस्त झाले आणि मी धूळ खात पडलो.

परवा त्यांची नात सिदरा शाळेचा प्रकल्प सांगत होती. अमेरिकेत, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर अल्सी नावाचे लोक मासे धरून राहत. त्यांचे वंशज आजही आहेत. पण अल्सी भाषा आणि तिची शेजारीण याक्विना, दोन्ही घरांतून गेल्या. उरलं ते अभ्यासकांनी म्हाताऱ्यांकडून टिपून घेतलं तेवढंच.

"दादा, आपली बोली पण जाणार?" तिने आजोबांना विचारलं.

जमालभाई उठले. त्यांनी मला खाली काढलं, आईची ती मागे राहिलेली कॅसेट घातली.

"बाला, जेवलास काय? कवा येनार हायस?" आई माझ्यातून बोलली.

ऐकून झाल्यावर जमालभाईंनी जुन्या सवयीने कॅसेट मागे फिरवली आणि आवाज भरायच्या लाल बटणावर बोट ठेवलं. त्यांच्या बायकोने, गुलबानूने, ते बोटच धरलं.

"अवो, जबाब कोनाला धाडताव? जितेपनी सासूबाईंना गप करता आला नाय तुमाला, आता करताव?"

मग तिने कात्रीच्या टोकाने कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची चिमुकली पट्टी मोडली. ती मोडली, की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही.

"आता तू बोल," ती सिदराला म्हणाली. "पणजीनं इचारलंय ना?"

सिदरा लाजली. "मी... जेवलंय, पणजी," ती अडखळत म्हणाली. दोघं म्हातारी हसली, पण चुकलं असं कोणी म्हणालं नाही.

मित्रांनो, आवाज जपायचं काम माझ्यावर सोपवा. ते मी चोख करीन. पण विचारलेल्याला त्याच बोलीत उत्तर द्यायला घरात माणूस लागतं. तेवढं तुम्ही व्हा.