रद्दी नावाचा फोल्डर

चकती आहे, पण ती घालायला तोंडच नाही.

काल बातमी, आज किलोवर. दोन अक्षरं. उत्तर: रद्दी.

पंधरा आडवी, पंधरा उभी. दोनशे पंचवीस घरं आणि भाडेकरू एकही नाही.

मे महिन्यात सुनेने कॉम्प्युटरचा पंखा ब्रशने साफ केला. कुणी सांगितलं नव्हतं.

'मुंगी' हे काही माणसाचं नाव नव्हे.

एवढं सगळं शनिवारी पहाटे पाच वाजता एकाच डोक्यात फिरत होतं. ते डोकं कोडेकारांचं. छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेला हा माणूस तीस वर्षं दर आठवड्याला शब्दकोडं रचत आला होता, आणि सगळी गल्ली त्यांना कोडेकारच म्हणायची. आता एक प्रकाशक त्यांचं पुस्तक काढणार होता. शहाण्णव कोडी, सगळी कोरी करकरीत, कुठेही न छापलेली. सोमवारपर्यंत पोचवायची. आणि ती शहाण्णवच्या शहाण्णव त्या अकरा वर्षांच्या कॉम्प्युटरच्या पोटात. कागदावर एकही नाही, कारण कागद कुणीही उचलतं.

कॉम्प्युटरला चालू व्हायला पाऊण तास लागायचा, आणि झाला की दहा मिनिटांत तो जागच्या जागी थिजायचा.

"याला नव्याने सिस्टिम टाकावी लागेल, बाबा," सून शुक्रवारी म्हणाली होती. ती रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात कामाला होती. "सगळं पुसून."

"सिस्टिमची चकती आहे माझ्याकडे. वेष्टनासकट जपून ठेवलीय."

"चकती आहे हो, पण भरवणार कुठे? याला तोंड आहे का?"

कोडेकारांनी कॉम्प्युटर उचलून चारही बाजूंनी पाहिला. मग उलटा केला.

"पोटाकडून पाहिलंत म्हणून काय तोंड उगवणार आहे? राहू द्या. पेनड्राइव्हवरून टाकते मी."

तसं बघायला गेलं तर सून चांगली होती. चहात साखर बरोबर घालायची, औषधांच्या वेळा लक्षात ठेवायची. पण गेल्या आठवड्यात कोडेकार न्हाव्याकडे बसले होते. तिथे जुन्या साप्ताहिकांचा ढीग असतो. वरचा अंक उचलला, शेवटचं पान उघडलं, आणि गळ्याभोवती पांढरं फडकं असलेला तो माणूस खुर्चीतच ताठ झाला. न्हावी म्हणाला, "हलू नका, कान जाईल." कोड्यात एक संकेत होता: 'चिकटही, चांगलंही, उलटूनही तेच.' तीन अक्षरं. सरस. हा संकेत त्यांचा होता! शब्द न् शब्द त्यांचा, पुस्तकातल्या एकविसाव्या कोड्यातला. खाली रचनाकाराचं नाव होतं 'मुंगी'. अंक कधीचा होता, ते पाहायचं त्यांना सुचलं नाही.

तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होती. कॉम्प्युटरला हात लागले ते दोघांचे. एक स्वतः आणि दुसरी पंखा साफ करणारी.

शुक्रवारी संध्याकाळी त्या पालीला चांगलंच बळ मिळालं. सुनेने आपल्या लॅपटॉपला काळा पेनड्राइव्ह लावला. "याच्यावर सिस्टिम चढवायची तर हा पूर्ण पुसला जातो. आधी आतलं हलवते," ती म्हणाली, आणि हलवता हलवता एक फाइल चुकून उघडली. पडद्यावर जाळी. आडवी-उभी घरं. मध्ये मध्ये काळी.

"हे काय गं?"

"कामाचं आहे," ती म्हणाली आणि बंद केली.

कामाचं आहे! कुणाच्या कामाचं, ते तिने सांगितलं नाही. कोडेकारांनीही विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो.

आणि म्हणून शनिवारी पहाटे पाच. कॉम्प्युटर पाऊण तासाने उघडला. कोडेकारांनी 'पुस्तक: शहाण्णव' या फोल्डरचं नाव पुसलं आणि नवं टाइप केलं: 'रद्दी'. असल्या नावाच्या फोल्डरमध्ये कोण कशाला डोकावेल? सून सगळं उचलून ठेवणार, त्यात हाही न उघडता जाईल आणि न उघडता परत येईल. बोट दुमडून त्यांनी स्वतःच्याच कपाळावर एक हलकी टिचकी मारली. चांगला संकेत जमला की ते असंच करायचे.

नऊ वाजता सून बसली. निळ्या पेनड्राइव्हवर जुनं जपायचं, काळ्यावर नवी सिस्टिम तयार. कोडेकार खुर्ची ओढून तिच्या खांद्यामागे, डोळ्यांत तेल घालून.

"बाबा, मानेवर श्वास लागतोय."

"बस, मी नुसता बघतोय."

"बघा. पण चष्मा माझ्या कानाला टोचतोय."

एकेक फोल्डर चालला होता. पत्रं, फोटो, विजेची बिलं. कॉम्प्युटर मध्येच दोनदा थिजला, दोनदा पाऊण पाऊण तास गेला. तेवढ्यात खालून हाक आली. जुने कागद गोळा करणारा गाडीवाला आला होता. कोडेकारांची वर्तमानपत्रं दारामागे महिनाभर साचली होती. ते उठले, सुतळी घेतली, गठ्ठा बांधायला बसले. एक कान खोलीकडेच होता.

"बाबा," आतून आवाज आला, "रद्दी ठेवायची का?"

"छे! सगळी जाऊ दे," कोडेकार सुतळीला गाठ मारत ओरडले. "एक कागद ठेवू नकोस!"

गठ्ठा खाली गेला. ते हात झटकत परत आले. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होत होता. सुनेने चालू होता होता एक बटण दाबून धरलं, यादी आली, तिने त्यातल्या काळ्या पेनड्राइव्हच्या नावावर बोट ठेवलं. भाषा विचारली, अटी विचारल्या. मग पडद्यावर एकच ओळ.

"आता हे दाबलं की आतलं सगळं जाईल," ती म्हणाली. "तुम्हीच दाबा. नंतर माझ्या नावाने खडे फोडायला नकोत."

कोडेकारांना त्यातही वास आला. मला का दाबायला लावते? पण फोल्डर तर निळ्यावर सुखरूप होता. त्यांनी दाबलं.

दुपारी दोनला कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा उभा राहिला. पटकन उघडला, पटकन बंद झाला. कोडेकारांनी निळा पेनड्राइव्ह लावला. पत्रं. फोटो. विजेची बिलं. पुन्हा पाहिलं. पत्रं. फोटो. बिलं.

"रद्दी कुठेय?"

"गेली की. तुम्हीच म्हणालात, एक कागद ठेवू नकोस."

"मी ती... ती दारातली म्हणत होतो!"

"आणि मी कॉम्प्युटरमधली विचारत होते. काय होतं त्यात?"

तोंडचं पाणी पळालं म्हणजे नेमकं काय होतं, हे तीस वर्षांत या वाक्प्रचारावर चार संकेत रचूनही त्यांना आत्ता कळलं. "शहाण्णव," ते म्हणाले.

सून खाली बसली. "पुस्तक? पुस्तकाला रद्दी नाव कोण देतं, बाबा?"

"लपवायला दिलं."

"कुणापासून?"

उत्तर दोन अक्षरी होतं: सून. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने ते भरलं.

"माझ्यापासून."

"'सरस' बाहेर गेला कसा? 'मुंगी' कोण? आणि काल ती जाळी, काळी घरं..."

"ती आमच्या विभागाच्या पाळ्यांची!" तिचा आवाज चढला. "काळं घर म्हणजे रजा! आजचं घर काळं आहे माझं, तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला रजा घेतलीय मी. कोडं? मला वर्तमानपत्रातलं सोपं कोडंसुद्धा सुटत नाही, हे तुमच्या मुलाला विचारा."

"परत काढता येईल का?"

"काही निघेल. बरंचसं नाही, वर नवी सिस्टिम बसलीय. पण मी हात लावणार नाही. माझ्या हातून निघालं तर निघालेलं मोजत बसाल. दुकानात द्या, परक्या माणसाला."

ती आत गेली. दार आपटलं नाही, हे जास्त वाईट होतं.

कोडेकारांनी फोन उचलून प्रकाशकाला लावला. "बिघाड झालाय," ते म्हणाले. "कोडी गेली. सुनेच्या हातून..." आतल्या खोलीतला पंख्याचा आवाजही थांबल्यासारखा झाला. "नाही. बटण मी दाबलं. नावही मीच बदललं होतं. हो, सगळी. सोमवारी? आठवतील तेवढी देतो. पंधरा, वीस. पुस्तक नाही होणार त्यात, कळतंय मला."

फोन ठेवून त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टी घेतली आणि रेघा मारायला बसले. चौथ्या रेघेला सून दारात येऊन उभी राहिली.

"एक सांगा. खरंच वाटलं तुम्हाला, मी चोरली?"

कोडेकारांनी पट्टी सरळ केली. "वाटलं."

"आणि आता?"

"अजून वाटतं. थोडं."

तिने कपाळावर हात मारला. मग समोरची खुर्ची ओढून घेतली, कागदापासून चांगली दोन हात लांब, आणि पाठ करून बसली. "मारा रेघा," म्हणाली. "बघत नाही मी."

'मुंगी'चं ते कोडं फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी छापून आलं होतं. कोडेकारांनी 'सरस'चा संकेत लिहिला तो त्यानंतर, एप्रिलमध्ये.