कोरडी आंघोळ

बाथरूमच्या भिंतीतला पाइप गंजून झिरपायला लागला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला ओल आली, तेव्हा फरशा फोडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. बाबांनी तात्पुरती पट्टी मारली आणि फोडायचंच आहे तर सगळं नव्यानं करू, यावर घरात एकमत झालं. आमच्या घरातलं एकमत तेवढ्यावरच संपतं. नवा टब बसवायचा की टब काढून शॉवर करायचा, यावरून बाबा आणि मी तीन आठवडे एकमेकांशी धड बोललो नाही.

मी शॉवरच्या बाजूची. आईचा डावा पाय दोन वर्षांपासून तिचं ऐकेनासा झालाय. आजार नसांचा आहे, वाढत जाणार, कमी होणार नाही, असं डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. टबाची कड गुडघ्याएवढी उंच. लुळा पाय, ओला टब आणि खाली गुळगुळीत फरशी. यात विचार करण्यासारखं काय आहे, तेच मला कळेना. मला राग पटकन येतो. बाबा मला लहानपणापासून 'इन्स्पेक्टर' म्हणतात ते उगाच नाही.

"टबच बसेल," बाबा म्हणायचे. "बावीस वर्षांपूर्वी तिच्यासाठी बसवलाय. तिच्यासाठीच राहील."

ते खरंही होतं. आई तेव्हा लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर दिवसभर उभी असायची. संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आधी भिंतीला टेकायची. बाबा लोकांची बाथरूम बांधून देणारे कारागीर. कुणा गिऱ्हाइकानं रंग आवडला नाही म्हणून परत केलेला एक फिकट हिरवा टब त्यांनी दोन माणसं लावून जिन्यावरून वर चढवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास आई टबात आणि आम्ही दाराबाहेर. त्या अर्ध्या तासात घराला आग लागली तरी तिला हाक मारायची नाही, असा बाबांचा कायदा होता.

"तू बोल ना काहीतरी," मी आईला म्हणाले. "आंघोळ तुला करायचीय."

"तुम्ही ठरवाल ते," आई म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

शेवटी मी बाबांचंच शस्त्र बाबांवर उगारलं. चाळीस वर्षं त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, कामाला हात लावायच्या आधी ते खडूनं जमिनीवर सगळं आखायचे आणि घरातल्या प्रत्येकाला अंगावरच्या कपड्यांनिशी त्यात उतरवायचे. आत पाय टाका, साबण घ्या, वाका, पाठ चोळा, बाहेर या. याला ते 'कोरडी आंघोळ' म्हणत. लोक लाजायचे, हसायचे, पण करायचे. नळापर्यंत हात पोचतो की नाही, दार अंगावर येतं की काय, सगळं तिथल्या तिथे कळायचं. एका बँकेच्या साहेबांनी गळ्यात टाय ठेवून पाठ चोळल्याची गोष्ट बाबा अजून रंगवून सांगतात.

"आईला कोरडी आंघोळ करू दे," मी म्हणाले. "आत्ता. टब आहे, आई आहे. आत जाऊन बाहेर आली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

बाबांचा चेहरा उतरला. "घरच्या माणसाची परीक्षा घ्यायची नसते," एवढंच म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" मी मागून ओरडले. आईनं वाटाण्यांवरून मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी मी कायदा मोडला. आई आत गेली होती आणि नळाचा आवाज फारच वेळ येत होता, म्हणून दार ढकललं. आई टबात नव्हती. टबाच्या बाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ती बादलीतलं पाणी मगानं अंगावर घेत होती. शेजारी टबाचा नळ मोकळा सोडलेला, बूच काढलेलं. पाणी पडत होतं आणि आल्या पावली निघून जात होतं.

"दार लाव आधी," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "वर्ष झालं. कडेवरून पाय जात नाही."

"मग नळ कशाला सोडलायस?"

"त्यांना बाहेर आवाज जातो. टब भरतोय म्हटलं की त्यांना वाटतं, मी आहे तशीच आहे. बोलू नकोस त्यांना. माझी शपथ आहे."

"आणि त्यांनी नवा टब आणला तर?"

"स्टूल आहे की," आई म्हणाली.

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

शनिवारी बाबा म्हणाले, "चल, टब बघून येऊ." मी गेले. शपथ पाळायची, पण टब घरात येऊ द्यायचा नाही, हे कसं जमवायचं ते मला सुचत नव्हतं. दुकानात टबांची रांग मांडली होती. बाबांनी पहिल्याच टबासमोर बूट काढले. मला वाटलं, आता स्वतःची कोरडी आंघोळ. पण त्यांनी डावा पाय सैल सोडला, गुडघ्यापाशी पँट मुठीत धरली आणि पाय हातानं उचलला. आई जिना चढताना अगदी तसाच उचलते.

पहिल्यांदा टाच कडेला आपटली. दुसऱ्यांदा तोल गेला, मी दंड धरला. विक्रेती मुलगी हसू दाबत होती. मी तिच्याकडे असं बघितलं की ती किमतीच्या पाट्या पुसायला लागली. तिसऱ्यांदा पाय आत गेला, पण त्यावर भार न टाकता उजवा पाय आत आणता येईना. बाबा तसेच कडेवर बसले, एक पाय आत, एक बाहेर.

"सगळ्या गावाला उतरवलं मी," ते म्हणाले. "तिला नाही उतरवलं."

"बाबा..."

"मला माहीत आहे. टबात कुणी बसलं की कडेनं साबणाचा वळ राहतो. दर रविवारी टब मीच घासतो. वर्षभर वळ नाही."

"मग हट्ट कसला धरला होतात?"

"टब काढला की तिला काय वाटेल? मीसुद्धा आशा सोडली, असंच ना."

ते उठले, बूट घातले आणि त्या मुलीला म्हणाले, "शॉवर दाखवा."

काम त्यांनी स्वतः केलं. गुडघे दुखत होते तरी उतार स्वतः काढला, उंबरठा ठेवला नाही, दार बाहेर उघडणारं बसवलं. भिंतीलगत बसायला पक्की बैठक बांधली, चांगली तीन फूट लांब.

"दीड फूट पुरे होती," मी म्हणाले. "माप चुकतंय तुमचं."

"आता तू शिकव मला," ते म्हणाले. वयानं माणूस चुकतो, असं मी मनाशी म्हटलं.

फरशा वाळल्यावर बाबांनी आईला बोलावलं. "चल. कोरडी आंघोळ."

आई काठी टेकत सरळ आत चालत गेली आणि बैठकीच्या एका टोकाला बसली. "अहो, केवढी ही! माप चुकलं वाटतं."

बाबांनी हात पुसले, आत गेले आणि तिच्या शेजारी बसले. बैठक बरोबर भरली. त्यांनी भिंतीवरचा हातशॉवर काढला. नळ बंदच होता. तो त्यांनी तिच्या खांद्यावरून पाठीवर फिरवला, मग खाली वाकून डाव्या गुडघ्यावर धरला.

"पुढे तुझे हातही दमतील," ते म्हणाले. "तोवर मला सवय व्हायला हवी."

आईनं त्या कोरड्या शॉवरकडे बघितलं.

"म्हणजे स्टुलाचं तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मी वर्षभर इतकं पाणी वाया घालवलं."

"मी रोज ऐकत बसायचो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोरडी झाली, इन्स्पेक्टर. आता तू बाहेर हो."

मी बाहेर येऊन दार लावलं. थोड्या वेळानं पाणी सुरू झालं, आणि त्या आवाजात आई मोठ्यानं रडली. डॉक्टरांसमोरसुद्धा ती रडली नव्हती. मी दाराबाहेर जमिनीवर बसून राहिले. हाक मारली नाही.